समाजमंदिरातला झाकलेला कॉम्प्युटर

उचगावच्या बौद्ध वस्तीत सन दोन हजारच्या जून महिन्यात एक बातमी नळावर सुटली आणि दुपारच्या आत शेवटच्या घरापर्यंत पोचली. गणपती कुरणेची पोरगी कॉम्प्युटर शिकायला लागली होती. बातमी कुणी सोडली हे विचारायची गरज नव्हती. गणपतीच्या तोंडात एरवीही तीळ भिजत नसे, आणि लेकीची गोष्ट असली तर तो तीळ तोंडात टिकतही नसे.

गणपती फौंड्रीत मोल्डिंग खात्यात होता. काळ्या वाळूचे साचे करायचे आणि संध्याकाळी त्याच वाळूच्या रंगाचं होऊन घरी यायचं. कितीही घासून अंघोळ केली तरी नखांत वाळू राहायचीच. शाळा सातवीपर्यंत झालेली. बायको यल्लव्वा सीमेकडच्या गावची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. या दोघांची दीक्षा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, शहरातल्या कॉलेजात सायन्सला तिचा नंबर लागला, आणि बाप-लेक प्रवेशाच्या खिडकीपुढं जाऊन उभे राहिले.

तिथं बायफोकल नावाचा एक प्रकार होता. जीवशास्त्र आणि एक भाषा सोडायची, त्यांच्या जागी कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं. खिडकीतला माणूस फायदे-तोटे सांगत होता. पुढं डॉक्टरकी, नर्सिंग वगैरे बंद होईल म्हणत होता. गणपतीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, पोरीला कॉम्प्युटरला हात लावायला मिळणार का. मिळणार की, असं उत्तर आलं. झालं, तेवढ्यावर सौदा ठरला. दीक्षालाही तेच पाहिजे होतं, त्यामुळं भांडणाचा प्रश्न आला नाही.

कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या खोलीचा थाट देवघराचा होता. चपला बाहेर, हात स्वच्छ, बोलणं हळू. दारात जोतीराम नावाचा शिपाई बसायचा आणि येणाऱ्याच्या पायांकडं बघूनच आत सोडायचा. मशीन थोडी आणि पोरं फार, म्हणून सरांनी हजेरीच्या क्रमानं दोघादोघांची जोडी लावून दिली. दीक्षा कुरणेच्या अलीकडचा नंबर ऋतुराज कुराडेचा होता. तो गडमुडशिंगीचा. घरी शेती, म्हशी, दुधाचा धंदा. त्याचे वडील आकाराम यांनी पोराच्या हट्टापायी घरातच कॉम्प्युटर आणून ठेवला होता आणि पोरगं त्यावर वर्षभर मोटारी पळवत होतं. हजेरीत कुरणे आणि कुराडे शेजारी शेजारी होते. गावाकडं जातीपायी अशी दोन घरं एकमेकांच्या दारात पाणीही प्यायली नसती.

पहिल्याच तासाला दीक्षानं खुर्ची ओढली आणि एका बोटानं अक्षर शोधायला सुरुवात केली. अक्षरं शाळेत शिकवली त्या क्रमानं नव्हतीच. कुणा खुळ्यानं पत्ते पिसून टाकावेत तशी ती पसरली होती. एक शब्द होईपर्यंत शेजारच्या जोडीचा प्रोग्रॅम संपत आला. ऋतुराज काही वाईट मुलगा नव्हता, पण त्याला दम नव्हता. तो म्हणाला, "तू सांग, मी मारतो. तुला सगळं येतंय, मला बोटं येत्यात."

सोय झाली आणि तिथंच घात झाला. सोय नावाची वस्तू अशीच असते, ती येताना पाव्हण्यासारखी येते आणि जाताना घर घेऊन जाते.

त्या दिवसापासून दीक्षा बोलायची आणि ऋतुराज उमटवायचा. पुस्तकातला प्रोग्रॅम तिला एकदा वाचून कळायचा, दुसऱ्यांदा वाचून पाठ व्हायचा, आणि तिसऱ्यांदा ती त्यात सुधारणा सांगायची. कंस उघड, कंस मीट, महिरपी कंस, खालच्या ओळीवर ये, अर्धविराम विसरलास. तिचं बोलणं आणि त्याच्या बोटांचा कडकडाट यांची अशी लय बसली, की निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं कुणाची येतायत हे दोघांनाही सांगता आलं नसतं. सर येता-जाता थांबायचे आणि वर्गाला सांगायचे, बघा, जोडी असावी तर अशी. एकटी दीक्षा काय करते आणि एकटा ऋतुराज काय करतो हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही बघितलं नाही. बिचाऱ्यांना तीन कॉलेजं सांभाळायची होती हे खरं, पण बघितलं नाही हेही खरं.

दीक्षा नेहमी पडद्याकडं बघायची. मुलाच्या हातांकडं टक लावून बसणं बरं दिसत नाही, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं होतं. त्याची करंगळी कुठं जाते, अंगठा काय करतो, एका वेळी दोन बोटं कुठल्या बटणांवर असतात, यातलं काही तिनं पाहिलं नाही. मात्र पडद्याच्या काचेत त्याचा चेहरा दिसायचा आणि तो तिनं पुष्कळदा पाहिला. खोलीबाहेर ते एकत्र चालत नसत. तो सायकल स्टँडकडं, ती बस थांब्याकडं. पण आठवड्यातले ते दोन तास तिला बाकीच्या आठवड्याला पुरायचे. तिचा जीव त्याच्यावर जडला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही धडपणे सांगितलं नाही.

इकडं वस्तीत गणपतीची छाती फुगत चालली होती. कुणाच्या घरी टीव्ही बिघडला तरी लोक दीक्षाला हाक मारायचे. ती म्हणायची, मला यातलं कळत नाही. लोक म्हणायचे, पोरगी किती साधी हाय बघा, येवढं शिकून गर्व न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दीक्षाची मूठ लोकांनीच झाकून दिली होती आणि वरून तिची किंमत वाढवत होते.

मग बारावीच्या वर्षी ऑक्टोबरात सयाजी आला. सयाजी याच वस्तीतला, मुंबईत एका ऑफिसात नोकरीला. तिथं जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते. त्यातला एक त्यानं साहेबांच्या हातापाया पडून मागून घेतला आणि पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणला. वस्तीच्या पोरांनी शिकावं, एवढाच त्याचा हेतू. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला समाजमंदिरात बुद्धवंदना झाली, आणि मग टेबलावरचा तो कॉम्प्युटर सगळ्यांच्या साक्षीनं सुरू करायचं ठरलं. सयाजीनं वायरी जोडून बटण दाबलं. पडद्यावर निळं आभाळ आणि पांढरे ढग आले तेव्हा बायकांनी एकमेकींना कोपरखळ्या दिल्या. मंदिराची किल्ली गणपतीकडं असायची, त्यामुळं आजचा मान त्याच्या लेकीचाच. सयाजीनं लिहायचं कोरं पान उघडून दिलं आणि म्हणाला, दीक्षा, 'बुद्धं सरणं गच्छामि' एवढं इंग्रजी अक्षरांत उमटव, म्हणजे सुरुवात झाली.

दीक्षा खुर्चीवर बसली. पाठीमागं अख्खी वस्ती. तिला माहीत होतं की पहिलं अक्षर बी. ते कुठं आहे हे माहीत नव्हतं. तिचं बोट वरच्या ओळीत फिरलं, मधल्या ओळीत फिरलं. मागं कुणीतरी खाकरलं. वस्तीतली सगळ्यात म्हातारी धोंडुबाई पुढं बसली होती, ती मायेनं म्हणाली, "मार की बाळ, घाबरतीस कशाला."

बी सापडला. दीक्षानं तो दाबला आणि धास्तीनं बोट तिथंच दाबून धरलं. पडद्यावर एक बी आला, मग दुसरा, मग बीची रांगच धावायला लागली. एक ओळ भरली, दुसरी भरली, तिसरीत घुसली. मागून बायकांचा गलका झाला. दीक्षानं चटका बसल्यासारखा हात उचलला.  वळून बघितलं तर बापाचा चेहरा तिला दिसला, आनंदानं नुसता फुललेला. त्या चेहऱ्याला 'मला येत नाही' हे तीन शब्द सांगायचे होते. ते तिच्या तोंडून निघाले नाहीत.

ती म्हणाली, "यात व्हायरस आहे."

 सयाजी वरमला. ऑफिसवाल्यांनी फसवलं म्हणाला. धोंडुबाईनं पुढची पोरं मागं ओढली, कारण रोग कसला का असेना, लहान लेकरांना लागायला वेळ लागत नाही. व्हायरस काढता येतो का, असं कुणीतरी विचारलं. दीक्षा म्हणाली, फार अवघड असतं, आत्ता कुणी हात लावू नका. लोकांनी माना डोलावल्या. कळणाऱ्या माणसानं सांगितलं होतं.

गणपतीनं घरून यल्लव्वाचं एक जुनं हिरवं लुगडं आणलं आणि कॉम्प्युटर नीट झाकला. किडा-मुंगी लागू नये म्हणून आत डांबरगोळ्याही टाकल्या. व्हायरस म्हणजे काय हे त्याला कुठं माहीत होतं, पण उपाय करायचा तर मनापासून करायचा असा त्याचा स्वभाव.

आता गंमत बघा. घरापासून हाकेच्या अंतरावर एक चालू कॉम्प्युटर होता. किल्ली घरातल्या खुंटीला होती. परीक्षेला चार महिने होते. रोज थोडा वेळ बसली असती तर दीक्षाच्या बोटांना बटणं सापडली असती. पण ज्याला आपणच आजारी ठरवलं त्याच्यापुढं बसून अक्षरं कशी गिरवायची? समाजमंदिर ते, कुणी ना कुणी डोकावणारच. दोनदा ती किल्ली घेऊन दारापर्यंत गेली. दोनदा कुणीतरी हाक मारून विचारलं, निघतोय का रोग? दोनदा ती परत आली.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला जोड्या नव्हत्या. एक मशीन, एक विद्यार्थी. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते, चेहऱ्यावरून मवाळ गृहस्थ. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची आणि त्यात निघेल तो प्रोग्रॅम करून दाखवायचा. दीक्षाला दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचा प्रोग्रॅम आला. हा तर ती झोपेतही म्हणाली असती.

शेजारच्या मशीनवर ऋतुराज होता. त्यानं चिठ्ठी उघडली, बोटं बटणांवर ठेवली आणि तो तसाच बसून राहिला. बोटं तयार होती, सांगणारं कुणी नव्हतं. त्यानं मान वळवली नाही, फक्त चिठ्ठी थोडी तिच्या बाजूला सरकवली. दीक्षानं एक नजर टाकली आणि सवयीनं, ओठांतल्या ओठांत, सांगायला लागली. कंस उघड, कंस मीट, खाली ये. तोच कडकडाट सुरू झाला. दोन वर्षांचं सगळं सुख त्या आवाजात होतं. ते आपण शेवटचं ऐकतोय हे तिला कळत होतं, आणि तरी ती मन लावून सांगत राहिली. त्याचा प्रोग्रॅम पुरा झाला, पडद्यावर बरोबर उत्तर आलं, परीक्षकांनी बघून मान हलवली. ऋतुराज उठून गेला.

मग दीक्षा आपल्या मशीनकडं वळली. पहिलंच चिन्ह हवं होतं, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची जाळी. ते तीनच्या आकड्याच्या डोक्यावर छापलेलं तिला दिसत होतं. वरचं चिन्ह पाहिजे असेल तर शिफ्टचं बटण दाबायचं हेही पुस्तकात वाचलेलं होतं. तिनं शिफ्ट दाबलं, सोडलं, आणि तीन दाबला. तीन उमटला. पुन्हा शिफ्ट दाबलं, लगेच सोडलं, तीन दाबला. पुन्हा तीन. शिफ्ट दाबून धरायचं असतं आणि धरलेलं असतानाच दुसरं बटण मारायचं असतं, एवढीशी ती गोष्ट. पण बटण धरून ठेवलं की काय होतं हे तिनं समाजमंदिरात अख्ख्या वस्तीसमोर पाहिलं होतं. धरायची तिची छातीच नव्हती. ती हलकेच टिचकी मारायची आणि बोट काढून घ्यायची.

विचारलं असतं तर जोतीरामनंसुद्धा सांगितलं असतं. ते काही कॉपीत धरलं नसतं. पण दोन वर्षं कॉम्प्युटर शिकून, जोडी असावी तर अशी हे ऐकून घेऊन, आता शिफ्ट कसं दाबायचं हे विचारायचं? दीक्षानं विचारलं नाही. ती एक एक तीन पुसत बसली. वेळ संपत आला तेव्हा परीक्षक तिच्यामागं येऊन थांबले. त्यांना वाटलं, पोरगी घाबरली. ते म्हणाले, बाळ, येत असेल तर कागदावर लिहून दे. तिनं लिहून दिला, एकही चूक नसलेला. परीक्षकांनी तो वाचला, कोऱ्या पडद्याकडं बघितलं आणि उत्तर दाखवण्याचे मार्क सोडून जे देता येत होते ते दिले. पास होण्यापुरते.

सायकल स्टँडजवळ ऋतुराज तिच्यासाठी थांबला होता. कॉलेजच्या आवारात पहिल्यांदाच. तो म्हणाला, "तू नसतीस तर मी आज कोरा उठलो असतो. तुझा कसा गेला?"

तिनं दप्तर खांद्यावर सारखं केलं. ती म्हणाली, "चांगला गेला."

त्याला ते खरंच वाटलं. का नाही वाटणार? तो हसला, सायकलवर टांग मारली आणि गेला. पुढं तो बी.सी.एस.ला गेला आणि नंतर पुण्यात एका कंपनीत लागला, असं कुणाकडून तरी कळलं. दीक्षानं पुन्हा त्याला पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं बापाला सांगितलं की कॉम्प्युटरचा आता कंटाळा आला, पुढं ते शिकायचं नाही. यल्लव्वा चुलीपुढून उठून उभी राहिली. गणपती भांडेल, निदान कारण विचारेल, असं दोघींनाही वाटलं होतं. ज्या माणसानं दोन वर्षं गाव डोक्यावर घेतलं तो एवढंच म्हणाला, तुजं मन न्हाय तर ऱ्हाऊ दे. आणि वळून अंघोळीला गेला. त्या दिवशी त्यानं कामाची सुट्टी टाकली होती. अंगावर वाळूचा कण नव्हता. मग अंघोळ कशाला, हा प्रश्न दीक्षाला पडायला पाहिजे होता. पण स्वतःच्या दुःखात बुडालेल्या माणसाला दुसऱ्याची अंघोळ दिसत नाही.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे चारचौघींसारखी गेली. बाहेरून बी.ए. केलं. गारगोटीच्या प्रसेनजीतशी लग्न झालं. माणूस शांत, कष्टाळू, बाजारात टेलरिंगचं दुकान. दीक्षाला अंगणवाडीत सेविकेचं काम मिळालं. पोरांना गाणी शिकवायची, वजनं घ्यायची, खिचडी वाढायची. काम तिला आवडायचं. फक्त सरकारी दवाखान्यात कुणाला घेऊन गेली आणि खिडकीमागं एखादी मुलगी कॉम्प्युटरवर खटाखट नावं घालताना दिसली, की ती दुसरीकडं बघायची.

उचगावला समाजमंदिरात हिरवं लुगडं तसंच होतं. मधल्या काळात वस्तीतली एक-दोन पोरं म्हणाली, शहरातनं दुरुस्तीवाल्याला आणू. गणपती त्यांच्या अंगावर धावून गेला. दीक्षानं हात लावायचा न्हाय म्हणून सांगितलंय, तिच्यापेक्षा तुमाला जास्त कळतंय व्हय? पोरं गप्प बसली आणि कॉम्प्युटर शिकायला दुसरीकडं गेली. ज्यांना परवडलं ती गेली. हे कानावर आलं की दीक्षाला रात्रभर झोप लागायची नाही. तिला वाटायचं, बापाचा आपल्यावर केवढा हा आंधळा विश्वास.

सन दोन हजार आठमध्ये तिच्या सुपरवायझर बाईंनी एमएससीआयटी हा सरकारमान्य कॉम्प्युटरचा कोर्स करून घ्यायला सांगितलं. पुढं बढतीला लागणार होतं. दीक्षा टाळत राहिली, आणि टाळता येईना तेव्हा गारगोटीतल्या एका क्लासमध्ये जाऊन बसली. शिकवणारी मुलगी तिच्यापेक्षा पुष्कळ लहान, निशिगंधा नावाची. दीक्षानं शिफ्टला टिचकी मारली, सोडलं, आणि मग अक्षर दाबलं. निशिगंधानं ते पाहिलं आणि सहज, जाता जाता म्हणाली, "मॅडम, शिफ्ट सोडायचं नाही. करंगळीनं धरून ठेवा आणि दुसऱ्या हातानं मारा."

दीक्षानं शिफ्ट धरलं. भीत भीत धरलं. काही धावलं नाही. मग तिनं तीनचं बटण मारलं आणि पडद्यावर ती दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची जाळी आली, शहाण्यासारखी, एकच. तिनं ती पुसली आणि पुन्हा काढली. मग डोळ्यांपुढचं काही दिसेना. निशिगंधाला वाटलं मॅडमना बरं वाटत नाही, तिनं पाणी आणून दिलं. एवढ्याशा गोष्टीपायी आयुष्य दुसऱ्याच रस्त्याला गेलं, हे कुणाला सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. म्हणून तिनं पाणी पिऊन डोळे पुसले.

महिन्याभरात तिची बोटं चालायला लागली आणि तिनं मनाशी ठरवलं. उचगावला जायचं, व्हायरस काढल्याचं नाटक करायचं आणि तो कॉम्प्युटर वस्तीला परत द्यायचा. उशीर फार झाला होता. गणपतीला फौंड्रीच्या धुरानं आणि धुळीनं धरलं होतं. कामाला जाणं केव्हाच बंद झालं होतं, चार पावलं टाकली की खोकल्याची उबळ यायची. तिनं त्याला सांगितलं, आप्पा, मी शिकून आलेय, आज तो दुरुस्त करते. त्यानं तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि खुंटीवरची किल्ली काढली. तिच्या खांद्याला धरून, थांबत थांबत, तोही मंदिरापर्यंत आला.

लुगडं काढलं तेव्हा डांबरगोळ्यांचा वास आला. खाली धुळीचा एक कण नव्हता. बाप नेमानं पुसत असणार. दीक्षानं वायर लावली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. तिनं दुसरं बटण दाबलं, वायर काढून परत लावली, डोक्यावरचा दिवा चालू आहे हे बघून घेतलं, पुन्हा दाबलं. पडदा काळाच राहिला. एवढ्या वर्षांचा दमटपणा आत शिरला होता, मागच्या बाजूनं उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. ती दाबतच राहिली.

गणपती भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी. आता मेला त्यो. तवा चालू हुता."

दीक्षाचा हात थांबला.

"तुजी परीक्षा हुती त्या दिवशी सुट्टी टाकलती मी. घरात बसवंना. हितं आलो. म्हटलं, तू तिकडं जे करत असशील त्ये आपण हितं लावून तरी बसावं. सयाजीनं दाबलतं तसं बटण दाबलं. चालू झाला की. ढग आलं. तू यायच्या वेळपतुर बसलोतो बघत. मग बंद केला आन झाकला."

"मग मला का न्हाई सांगितलासा?"

"तू रोग हाय म्हटलीस. मी चालू हाय म्हटलं असतं तर तुजा शबुद पडला असता सगळ्यांत. म्हणून कुणाला हात लावू दिला न्हाय."

म्हणजे आंधळा विश्वास नव्हताच. सगळं दिसत असताना त्यानं डोळे मिटून घेतले होते. अंगावर वाळू नसताना तो त्या दिवशी अंघोळीला का गेला, हेही तिला आता कळलं. पोरांच्या शिव्या खाल्ल्या, वस्तीचं नुकसान केलं, दर आठवड्याला चालू मशीनवरची धूळ पुसली आणि ते हळूहळू मरू दिलं. आणि ती इकडं त्याच्या मानासाठी गप्प राहिली होती. दोघांनी एकमेकांची अब्रू एवढी जपली, की तीत दोघांचंही सगळं गेलं. दीक्षाला रडू फुटलं. ती बापापुढं जमिनीवर बसली आणि जे त्या दिवशी म्हणायचं होतं ते तिनं आता म्हटलं.

"आप्पा, मला येत नव्हतं."

गणपती खोकला. उबळ ओसरेपर्यंत तिचा हात धरून बसला.

"मग तेवढं म्हणायचंस की. मला तरी कुठं येत हुतं? दोगं मिळून बसलो असतो."

 बराच वेळ ती नुसती रडली आणि त्यानं तिला रडू दिलं. मग तो भिंत धरून उठला, खुर्चीवर बसला आणि मेलेल्या कॉम्प्युटरच्या बटणांकडं बघत म्हणाला, "काय उमटवायचं हुतं गं त्या दिवशी?"

"बुद्धं सरणं गच्छामि."

"मग सांग. मी मारतो."

पडदा काळा होता आणि काळाच राहणार होता, हे दोघांनाही कळत होतं. दीक्षा त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली. या वेळी तिनं पडद्याकडं बघितलं नाही. नखांच्या कडांना वाळूचा काळेपणा मुरलेल्या त्या बोटांकडं ती बघत होती. पहिलं अक्षर बी, ती म्हणाली. गणपतीला ते सापडायला फार वेळ लागला, आणि या खेपेला पाठीमागं कुणाचीच घाई नव्हती.